सुपरमॅनचा वरचा ओठ आणि सराफ्यातलं दूध

परवा टीव्हीवर 'जस्टिस लीग' लागला होता, २०१७चा, आणि भाचा मधेच म्हणाला, "मामा, याचं तोंड कसंतरीच दिसतंय." बरोबर पकडलं पोरानं! सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने तेव्हा दुसऱ्या सिनेमासाठी मिशा ठेवलेल्या, त्या काढता येत नव्हत्या, म्हणून पुन्हा शूट केलेल्या सीन्समध्ये त्या कॉम्प्युटरवर पुसल्या. पैशाला तोटा नव्हता, तरी ओठ रबराचा वाटतो.

अशा वेळी लोक म्हणतात इमोशन खोटं वाटलं, ॲक्टिंगमध्ये जीव नाही. माझं म्हणणं, बरेचदा जीव नसतो तो कातडीत.

अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटाला चिकटवून बघा, बोट लालबुंद दिसेल. म्हणजे उजेड कातडीवर आपटून सगळाच परत येत नाही, बराचसा आत शिरतो, इकडेतिकडे धडकत फिरतो आणि भलत्याच जागेतून बाहेर पडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-निळा रंग जास्त खातं, लाल लांबपर्यंत टिकतो, म्हणून गालावर नाकाची सावली पडते तिची कडसुद्धा जराशी लालसर आणि मऊ असते. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाण्याचा बाजार भरतो त्या सराफ बाजारात, दुधाची कढई बघा, कढईची कड चमकते पण दूध आतून उजळल्यासारखं दिसतं. तिथे उजेड इकडेतिकडे उडवायचं काम फॅटचे बारीक थेंब करतात.

जुन्या सीजीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांत, धरून चालायचे की उजेड जिथे पडला तिथूनच परत निघाला, म्हणून माणसं प्लास्टिकची दिसायची. २००१ मध्ये हेन्रिक वान जेन्सन या कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्या संशोधकाने आणि मंडळींनी युक्ती काढली, की एकेक धडक मोजत बसू नका, त्याऐवजी कातडीच्या खाली एक काल्पनिक दिवा माना आणि वर एक उणे दिवा, म्हणजे उजेड वजा करणारा, अंतर असं ठेवा की पृष्ठभागाच्या किंचित वर दोघांची बेरीज शून्य होईल, मग कुठल्या बिंदूतून किती उजेड निघेल ते थेट सूत्रातून मिळतं. (डोकं गरगरलं तर सोडा, मलाही तीनदा वाचावं लागलं.) मजा म्हणजे त्यांनी मोजलेल्या वस्तूंत कातडीबरोबर दूध, क्रीम, बटाटा, केचप असं सगळं होतं, अगदी सराफ्याचीच लिस्ट! २००४ मध्ये याला ऑस्करवाल्यांचा टेक्निकल पुरस्कारही मिळाला.

पण स्थिर कातडी जमली म्हणून हसणं जमत नाही. १८६२ मध्ये फ्रान्सच्या ड्युशेन नावाच्या डॉक्टरने चेहऱ्याला विजेचे झटके देऊन दाखवलं की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो. यावरून चेहरा बघून स्वभाव-भविष्य सांगणाऱ्यांनी उगाच खूश होऊ नये, स्नायू आवळला एवढंच कळतं, लग्न कधी होईल ते नाही.

तर सुपरमॅनचे डोळे कॅव्हिलचेच होते, खरोखर आवळलेले. ओठ मात्र मिशांखाली झाकलेला, तो किती ताणला गेला ते कॅमेऱ्याला नीट दिसलंच नाही, आणि तेवढा भाग कॉम्प्युटरवर अंदाजाने बसवावा लागला.