पार्श्वभूमी : सायकलला इंजिन बसेल, टायरचं काय?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सायकल घेऊन गेलात आणि 'हिला इंजिन बसवायचंय' म्हणालात, तर कुणी चमकून बघणार नाही. ब्रॅकेट वेल्ड होईल, स्प्रॉकेटला (साखळीच्या दातेरी चाकाला) लेथवर नवी भोकं पडतील, सायलेन्सरचा पाइप हवा तसा वाकवून मिळेल. शेतीला पाणी उपसायला आणि गुऱ्हाळं चालवायला लागणारी ऑइल इंजिनं या शहरानं स्वतः ओतली, घासली आणि लांबलांब विकली. इथल्या मेस्त्र्यांचा हात त्यावर बसलेला आहे. त्यात दिवाळीला सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागे म्हशी पळवणारं हे गाव, म्हणजे इंजिनाच्या आवाजाचं वेड कुणी शिकवायला नको. त्यामुळे इंजिनाच्या सायकलींच्या शर्यतीसाठी सायकल बांधायची म्हटलं की बोलणं सीसी आणि कार्बोरेटरवर रंगतं. टायर सगळ्यात शेवटी, दुकानात असेल तो. या खेळाचा इतिहास पाहिला तर घोडं इथेच पेंड खातं.

हवेचा टायर रुळला तो सायकलवर. बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७-८८ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तो बनवला. लोकांनी आधी टिंगल केली. १८८९ मध्ये विली ह्यूम या साध्याच सायकलपटूनं त्या टायरवर बेलफास्टच्या शर्यती मारल्या, तेव्हा तोंडं बंद झाली. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ जिंकला तो मिशलँच्या काढता-घालता येणाऱ्या टायरवर. पंक्चर काढणं आवाक्यात आलं ते तेव्हापासून.

इंजिनही शर्यतीच्याच वाटेनं सायकलवर चढलं. सायकलपटूच्या पुढे राहून वारा अडवायला ट्रॅकवर इंजिनाच्या सायकली आणल्या गेल्या. अशा गाड्या बांधणारा ऑस्कर हेडस्ट्रॉम आणि पूर्वीचा शर्यतपटू जॉर्ज हेंडी यांनी १९०१ मध्ये 'इंडियन' मोटारसायकलची पहिली गाडी तयार केली. पुढे जॅक प्रिन्स या जुन्या सायकलपटूनं लाकडी फळ्यांचे उतरते गोल ट्रॅक बांधायचा सपाटाच लावला. लॉस एंजेलिसजवळचा प्लाया देल रेचा ट्रॅक १९१० चा. त्यावर पळणाऱ्या गाड्यांना ब्रेक नव्हते, इंजिनाचं तेल फळ्यांवरच सांडायचं आणि टायर सायकलच्याच घराण्यातले, बारीक. वेग मात्र ताशी १४० किलोमीटरच्या पुढे गेला. १९१२ मध्ये नेवार्कच्या ट्रॅकवर एडी हॅशाची गाडी कठड्यावर गेली. तो गेलाच, त्याच्याबरोबर प्रेक्षकही गेले.

त्या काळचे टायर फोटोत पांढुरके दिसतात, कारण रबरात कार्बन ब्लॅक (रबर टिकाऊ करणारी काजळी) घालायची पद्धत अजून रुळली नव्हती. आज हौशी लोक तसाच क्रीम रंगाचा टायर आणि खाली वाकवलेला हँडल लावून गाडी सजवतात. दिसते झकास. शर्यतीचा टायर रंगावरून घेऊ नये, एवढंच.

पुढची सुधारणाही सायकलवाल्यांकडूनच आली. श्विन या सायकल कंपनीनं १९३३ मध्ये अमेरिकेत २६ × २.१२५ चा जाड 'बलून' टायर आणला. १९३९ मध्ये विझर हे सायकलला लावायचं इंजिन बाजारात आलं, तेव्हा त्याला पेलणारं चाक तयार होतं. विझरमध्ये सुरुवातीला रोलर थेट टायरवर घासून चाक फिरवायचा. पुढे तो काढून पट्टा आला. फ्रान्सच्या वेलोसोलेक्सनं मात्र १९४६ पासून पुढच्या टायरवरचा रोलर सोडला नाही, पण ती गाडी शर्यतीची नव्हतीच.

आपल्याकडे १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' मोपेडवरून घेतलेली, ५० सीसीची, पेडल असलेली. तिच्यामुळे आणि नंतरच्या टीव्हीएसमुळे मोपेडचे टायर गावोगाव मिळू लागले. सायकल बांधणाऱ्याला त्याचा असा उपयोग होतो : सायकलचा २० इंची टायर बाहेरून मोजतात, मोपेडचा १६ इंची रिंगेवरून. दोन्हींचा आतला व्यास येतो सुमारे ४०६ मिलिमीटर! तरी सायकलच्या रिंगेवर मोपेडचा टायर चढवू नये. रिंगेची रुंदी आणि कड वेगळी असते, स्पोक जेमतेम २ मिलिमीटरचे. घ्यायचं तर मोपेडचं अख्खं चाक घ्यावं, ड्रम ब्रेकसकट.

ते चाक २८ इंची जुन्या सायकलला लावलं की वेगळंच दुखणं सुरू होतं. २८ × १½ च्या टायरची बाहेरची उंची ७१० मिलिमीटरच्या आसपास, मोपेडच्या २.५०-१६ ची साधारण ५३०. म्हणजे फ्रेम ९ सेंटिमीटरनं खाली बसली. सरळ रस्त्यावर काही कळत नाही, वळणावर झुकलं की आतलं पेडल जमिनीला टेकतं आणि मागचं चाक उचललं जातं. म्हणून आधी टायर, त्यावरून चाक, चाकावरून फ्रेम, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

सायकलला बसवायचं इंजिनाचं चिनी किट बाजारात मिळतं. ते ८० सीसीचं म्हणून विकतात, ते असतं ६६ चं. तरी ताशी ५० सहज गाठतं. त्याचं मागचं स्प्रॉकेट हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) नसतं. रबराच्या दोन चकत्यांमध्ये स्पोक दाबून नऊ बोल्टांनी आवळलेलं असतं. एक बोल्ट कमी-जास्त आवळला की स्प्रॉकेट डुगडुगतं, साखळी उतरते, स्पोक वाकतात आणि रिंगेचा आऊट काढून काढून माणूस कंटाळतो. मग तो टायरला शिव्या घालतो. हे स्प्रॉकेट हबवर घट्ट बसेल असा अडॅप्टर लेथवर करून घेणं हा उद्यमनगराचा खरा फायदा.

अमेरिकेत या शर्यती आता गो-कार्टच्या ट्रॅकवर होतात. कोल्हापुरातही कार्टिंगचा ट्रॅक आहे. असा ट्रॅक आखूड, वळणं जवळजवळ, त्यामुळे कमाल वेगापेक्षा पकड मोठी. डांबरावर गुळगुळीत आणि गोलसर पाठीचा टायर हवा. चपट्या पाठीचा टायर झुकताना काठावर येतो आणि काही न सांगता सुटतो. मुरमाच्या मैदानावर गुठळ्यांचा टायर, हवा थोडी कमी. फार कमी केली तर ट्यूब रिंगेत चिमटून पंक्चर ठरलेलं.

आणि हे सगळं ट्रॅकवरच. मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं दुचाकी-तीनचाकी वाहन मोटार वाहन धरत नाहीत. ४८ किंवा ६६ सीसीचं धरतात, आणि घरी बांधलेल्या सायकलला पासिंग मिळत नाही. बॅटरीवाल्यांना सवलत २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरखाली. त्या वेगाला दुकानातला साधा टायरही पुरतो.