खुर्चीत बसून समोरासमोर : तलवारबाजीने दिव्यांग आणि इतरांना एकत्र कसं आणलं

व्हीलचेअरवरची तलवारबाजी पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की हा उभ्या खेळाचा सौम्य अवतार असेल. दोन मिनिटांत हा समज मोडतो. उभा खेळाडू १४ मीटर लांबीच्या पट्टीवर मागे सरकून वार चुकवू शकतो. खुर्चीतल्याला मागे सरकायला जागाच नसते. दोन्ही खुर्च्या लोखंडी चौकटीत घट्ट बसवलेल्या असतात, त्यामुळे वार चुकवायचा तर कमरेच्या वरचं शरीर वाकवून, नाहीतर पात्याने अडवून. हात, डोळे आणि वेळ साधण्याची हुशारी एवढंच जवळ उरतं. म्हणूनच धडधाकट माणूस त्या खुर्चीत बसला तरी त्याच्या पायांचा त्याला काहीच फायदा होत नाही. दोघांनी एकत्र खेळण्याचं सगळं मर्म मला इथे दिसतं.

या खेळाची सुरुवात झाली ती रुग्णालयात. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले मज्जासंस्थेचे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडविल इथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी कमरेखालून लुळा झालेला माणूस फार दिवसांचा सोबती नाही, असंच धरून चालत. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याचा जीव घेत. गुटमन यांनी खेळाला उपचाराचा भाग केलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथल्या हिरवळीवर १६ रुग्णांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. तलवारबाजी तिथे आली १९५० च्या दशकात, आणि १९६० मध्ये रोमच्या स्पर्धांत, ज्यांना आज पहिलं पॅरालिंपिक मानतात, तिला जागा मिळाली.

म्हणजे पाया घातला गेला तो वेगळेपणाचा. दिव्यांगांनी दिव्यांगांशी, आपल्या मैदानावर खेळायचं. त्या काळात ते गरजेचंच होतं. माणसं जगवायची होती. पण तलवारबाजीच्या मुख्य प्रवाहातही एक वेगळी गोष्ट घडत होती आणि तिची आठवण फारशी काढली जात नाही. हंगेरीच्या इल्दिको उइलाकी-रेय्तो जन्मापासून कर्णबधिर होत्या. प्रशिक्षक त्यांना सूचना कागदावर लिहून देत. त्या १९६० ते १९७६ अशी सलग पाच ऑलिंपिक खेळल्या आणि सात पदकं मिळवली. त्यांतली दोन सुवर्णपदकं १९६४ च्या टोकियोतली. स्पर्श झाला की दिवा लावणारं विजेचं यंत्र ऑलिंपिकमध्ये एपे या तलवारीच्या प्रकारासाठी १९३६ मध्ये आणि फॉइल या दुसऱ्या प्रकारासाठी १९५६ मध्ये आलं. आणलं होतं पंचांच्या नजरेची चूक टाळण्यासाठी. पण ज्याला पंचांचा आवाज ऐकू येत नाही, त्यालाही तो दिवा दिसतोच.

दोन्ही प्रवाह एकाच माणसाच्या आयुष्यात मिळाले ते पाल सेकेरेश यांच्या. हेही हंगेरीचेच. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांनी फॉइलच्या सांघिक प्रकारात कांस्यपदक जिंकलं. १९९१ मध्ये बसच्या अपघातानंतर ते व्हीलचेअरवर आले आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी फॉइलचं सुवर्ण मिळवलं. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्हींत पदक मिळवणारे ते पहिले खेळाडू. शस्त्र तेच, हातातली कलाही तीच. नवं शिकायचं होतं ते न सरकता लढणं.

इटलीच्या बेबे विओ यांची वाट थोडी निराळी. लहानपणी त्या उभ्याने खेळत. २००८ मध्ये, अकराव्या वर्षी, मेंदूज्वराने दोन्ही पाय आणि कोपराखालचे दोन्ही हात गेले. तरी २०१६ च्या रिओत आणि पुढे टोकियोतही फॉइलचं वैयक्तिक सुवर्ण त्यांचंच. मला मात्र पदकांपेक्षा मोलाची वाटते ती २०२१ मध्ये त्यांच्या नावाने मिलानमध्ये सुरू झालेली अकादमी. तिथे दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र खेळतात. स्टोक मँडविलपासूनचं अंतर मोजायचं असेल तर ते इथे मोजावं.

क्लबांमध्ये हे एकत्र येणं घडतं ते साध्या गरजेतून. व्हीलचेअरवरचे खेळाडू थोडे, सरावाला जोडीदार हवा, मग उभ्याने खेळणारा खुर्चीत येऊन बसतो. बहुतेकदा तो आधी सपाटून हरतो, कारण माघार घेण्याची त्याच्या पायांना लागलेली सवय इथे निरुपयोगी असते. अंध खेळाडूंच्या तलवारबाजीत तर डोळस माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून उतरतो आणि पात्याला पातं लागल्यावर हाताला जे कळतं त्यावरच खेळतो.

नियमांतही ही जाण आहे. शरीराचा तोल किती सावरता येतो यावरून गट पाडले जातात, म्हणजे लढत सारख्यांची होते. आणि लढतीआधी खुर्च्यांमधलं अंतर ठरवताना हाताची लांबी मोजतात. अंतर आपल्या हाताच्या मापाने ठेवायचं की समोरच्याच्या, हे सांगण्याचा हक्क ज्याचा हात आखूड त्याचा.