एकच भिंत धरा
(घर स्वतः सजवणाऱ्या ग्राहकांसाठी)

नवरात्र सरली की आमच्या रंग-फ्रेमच्या दुकानाच्या काउंटरवर एकच विचारणा सुरू होते: कमी खर्चात खोली जरा आपली कशी वाटेल? आमचं म्हणणं असं, की चारही भिंतींना हात घालू नका. दारातून आत आल्यावर नजर जिच्यावर जाते, ती एक घ्या. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या जुन्या तांबेकर वाड्यात भिंतीच्या भिंती चित्रांनी भरल्यात, पण ते कसबी चिताऱ्यांचं काम. आपण सुट्टीच्या दिवसात उरकेल तेवढंच धरावं.

रंग
दहा बाय दहाची भिंत म्हणजे 100 चौरस फूट. साध्या इमल्शनच्या (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या) दोन हातांना साधारण दोन लिटर पुरतो. चार लिटरचा डबा नेऊ नका, उरलेला रंग माळ्यावर सुकून जातो. (आमचा गल्ला थोडा हलका होईल, चालेल.)

खरी मेहनत रंगाच्या आधी. भिंतीवर तळहात फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली तर जुना डिस्टेंपर (खडूसारखा स्वस्त रंग) सुटतोय. तो खरवडून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नवा रंग त्याच्यासकट सोलून येतो. भेगांत पुट्टी भरा, वाळली की 180 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, धूळ पुसा, प्राइमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक हात द्या. मग रंग, दोन हातांमध्ये चारेक तास जाऊ द्यात. भिंतीला ओल असेल तर मात्र रंग नकोच. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

शेडकार्डावर फिकी वाटलेली छटा भिंतीवर गडद दिसते. छोटी डबी नेऊन फूटभर चौकोन रंगवा, सकाळी बघा आणि रात्री ट्यूबलाइटखालीही बघा. पट्टे काढायचे असतील तर मास्किंग टेप रंग पुरता वाळायच्या आत ओढा. नंतर ओढली तर कडेचे टवके उडतात.

आजीची लुगडी
सुती नऊवारी आठ मीटरच्या वर भरते. दुमड धरूनही तिच्यातून सात फुटी तीन पडदे निघतात. रिंगा आणि लेस मंगळबाजारात मिळतील.

पैठणी विरली असेल तर पदराचा धड राहिलेला तुकडा फ्रेम करून घ्या. इथे आम्ही एक हट्ट धरतो: कापड काचेला टेकू द्यायचं नाही. मधे माउंटबोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) चौकट घालतो, कारण पावसाळ्यात काचेआड दमट हवा कोंडली की रेशमावर बुरशीचे डाग धरतात. घरी करणार असाल तर गोंद लावू नका. मागे सुती कापड घेऊन त्यावर बारीक टाके घाला. फ्रेम उन्हाच्या भिंतीवर नको, रंग उडतो.

भाड्याचं घर
चिकटवायचे हूक डिस्टेंपरवर टिकत नाहीत, पापुद्र्यासकट खाली येतात. टाइल्सवर किंवा लॅमिनेटच्या कपाटावर छान बसतात. फ्रेमा टांगण्याऐवजी कपाटावर भिंतीला टेकवून ठेवल्या तरी शोभतात.

आणि एक विनंती. घरात बडोद्याजवळच्या संखेड्याची, लाखकामाची जुनी खुर्ची किंवा पाळणा असेल तर त्यावर ऑइल पेंट मारू नका. तो लाल-सोनेरी लाखेचा लेप पुन्हा कोण करून देणार? मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि त्या कोपऱ्यात दुसरं काही ठेवू नका.

दुकानात येताना भिंतीची लांबी-उंची लिहून आणा, मोबाइलवर दिवसाउजेडी काढलेला फोटोही असू द्या. फ्रेम करायचं कापड धुऊ नका, इस्त्रीही करू नका, तसंच आणा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.