हिंसक व्हिडिओ गेम आणि आक्रमकता

पडद्यावर मारामारी, गोळीबार किंवा रक्तपात करायला लावणारे खेळ खेळून माणूस प्रत्यक्षातही आक्रमक होतो का, याविषयीचे संशोधन आणि वाद. वाद जुना आहे. १९७६ साली आलेल्या एक्झिडी कंपनीच्या ‘डेथ रेस’मध्ये काड्यांसारख्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या असत; तेवढ्यावरूनही अमेरिकेत गदारोळ झाला होता. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या खेळांवरून १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि पुढच्याच वर्षी या उद्योगाने वयानुसार वर्गवारी करणारे ‘ईएसआरबी’ हे मंडळ स्थापन केले. १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत हत्याकांड घडवणारे दोघे विद्यार्थी ‘डूम’ हा गोळीबाराचा खेळ खेळत असत, हे कळल्यावर वादाला धार चढली.

संशोधनाची खरी मेख मोजमापात आहे. प्रयोगशाळेत कोणाला कोणावर हात उगारू देता येत नाही, म्हणून आडमार्ग शोधावे लागतात. क्रेग अँडरसन आणि कॅरन डिल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ हा गोळीबाराचा खेळ दिला, तर इतरांना ‘मिस्ट’ हा शांत, कोडी सोडवण्याचा. नंतर चपळाईच्या एका स्पर्धेत ‘प्रतिस्पर्ध्या’च्या कानात कर्कश आवाज सोडायची मुभा होती. हिंसक खेळ खेळलेल्यांनी, स्वतः हरल्यानंतरच्या फेऱ्यांत, आवाज किंचित जास्त वेळ सोडला. इतर काही प्रयोगांत समोरच्याला किती तिखट सॉस खायला देता, यावरून आक्रमकता ठरवली गेली.

कानात आवाज सोडणे आणि कोणाला सुरा मारणे यांत अंतर किती, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. पण अडचण आणखी खोल आहे. आवाजाची तीव्रता धरायची की कालावधी, पहिली फेरी की सगळ्यांची सरासरी, याला ठरावीक नियमच नव्हता. माल्टे एल्सन यांनी गोळा केलेल्या नोंदींत या एका चाचणीचे गुण काढण्याच्या दीडशेहून अधिक तऱ्हा आढळल्या. इतकी मोकळीक असल्यावर हवा तो निष्कर्ष काढणे फार अवघड राहत नाही. शिवाय पॉल अडाची आणि टीना विलोबी यांनी २०११ मध्ये दाखवले की, दोन खेळांतील चुरस सारखी ठेवली तर केवळ हिंसेमुळे पडणारा फरक दिसत नाही.

अलीकडचे अभ्यास अधिक सावध आहेत. एका जर्मन अभ्यासात प्रौढांनी दोन महिने रोज ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा हिंसक खेळ खेळूनही त्यांच्या आक्रमकतेत लक्षणीय वाढ आढळली नाही. अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. विश्लेषण कसे करणार हे त्यांनी आधीच जाहीर केले होते. त्यांनाही संबंध सापडला नाही. उलट, मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात छोटा, पण टिकणारा संबंध दिसला. ‘अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन’ या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची २०२० मधील भूमिका या दोन्हींना सामावते: आरडाओरड, धक्काबुक्की यांच्याशी छोटा संबंध आहे, प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अल्पवयीनांना असे खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालपत्रात बग्ज बनीच्या कार्टूनचा दाखला दिला: तसाच परिणाम कार्टून पाहूनही आढळतो, हे या विषयाचे संशोधकच मान्य करतात.

भारतात हा वाद पेटला तो पब्जी या मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळामुळे. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी खेळावर बंदी घातली आणि तो खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने बंदीची मागणी करणारी याचिका दाखल झाली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने देशभर बंदी आणली, पण कारण दिले ते देशाची सुरक्षा आणि वापरकर्त्यांची माहिती. हिंसेचा त्यात संबंध नव्हता. २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ या नावाने खेळ परतला, तेव्हा मात्र निर्मात्यांनी रक्ताचा रंग हिरवा केला आणि १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली.