मोटारीचे इंजिन बदलण्याची परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

इंजिनबदलाचा अर्ज घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात येणाऱ्या वाहनमालकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो नव्या इंजिनाच्या क्षमतेचा, आणि मोठे इंजिन बसवलेल्या गाडीचा अर्ज बहुधा तिथेच निकालात निघतो. तोवर इंजिन विकत घेऊन झालेले असते, गॅरेजचे पैसे चुकते झालेले असतात आणि जुने इंजिन भंगारात गेलेले असते. म्हणून अर्ज कसा भरावा यापेक्षा कोणता अर्ज भरूच नये, हे आधी सांगणे आवश्यक आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा कोणताही बदल वाहनमालकाला करता येत नाही. इंजिनाची घनक्षमता आणि इंधनाचा प्रकार हे प्रमाणपत्रावर छापलेले तपशील आहेत. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हाच अर्थ पक्का केला आणि नियमांतील पळवाटांचा आधार घेऊन मूळ कलमाला बगल देता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्यामुळे 1,200 सीसीच्या गाडीत 1,600 सीसीचे इंजिन बसवून ‘फक्त नोंद करून द्या’ अशी विनंती करणाऱ्याला निरीक्षकाची कितीही सहानुभूती असली, तरी तशी नोंद करून देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही.

मग परवानगी कशाला मिळते? मूळ इंजिन निकामी झाले असेल, तर त्याच उत्पादकाचे, त्याच प्रकारचे, तेवढ्याच क्षमतेचे आणि त्याच इंधनावर चालणारे इंजिन बसवून नवा इंजिन क्रमांक प्रमाणपत्रावर नोंदवता येतो. येथे ‘त्याच प्रकारचे’ या अटीकडे अर्जदारांचे हमखास दुर्लक्ष होते. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोचे उदाहरण घ्या. तिच्या साध्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची क्षमता 1,198 सीसी आणि शक्ती 75 पीएस (अश्वशक्तीसारखे शक्तीचे एकक) होती, तर त्याच गाडीच्या जीटी आवृत्तीतील टर्बो इंजिनाची क्षमता 1,197 सीसी आणि शक्ती 105 पीएस होती. ‘सीसी तर उलट एकाने कमीच आहे’ हा युक्तिवाद ऐकायला चतुर वाटतो, परंतु तीन सिलिंडरच्या साध्या इंजिनाच्या जागी चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले की प्रकार बदललाच. शिवाय एकाच मॉडेलच्या प्रत्येक आवृत्तीला उत्पादकाला चाचणी संस्थेकडून स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते, त्यामुळे ‘कंपनी हेच इंजिन याच गाडीत देते’ एवढे म्हणणे पुरेसे होत नाही.

चौदा दिवसांच्या मुदतीचा गैरसमज

कलम 52 मध्ये बदल केल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे, आणि याच तरतुदीने सर्वांत जास्त लोकांचा घात केला आहे. ‘आधी बदला, मग दोन आठवड्यांत सांगा’ असा तिचा अर्थ गॅरेजवाले सर्रास सांगतात. प्रत्यक्षात ही केवळ माहिती देण्याची मुदत आहे. जो बदल मुळातच निषिद्ध आहे, तो चौदा दिवसांत कळवल्याने वैध होत नाही. उलट स्वतःच्या सहीने बेकायदा बदलाची कबुली कार्यालयात जमा होते. मुदत मोजली जाते ती बदल केल्याच्या दिवसापासून. इंजिनाचे बिल हाती आले तो दिवस किंवा तपासणीची वेळ मिळाली तो दिवस येथे गैरलागू आहे. गॅरेजच्या बिलावर काम पूर्ण झाल्याची तारीख स्पष्ट लिहून घेतली नाही, तर पुढे हा वाद मिटता मिटत नाही.

याच कलमातील आणखी एक तरतूद अर्धवट वाचली जाते. राज्य शासनाने अधिसूचना काढल्यास पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलण्याची मुभा देता येते, हे खरे आहे. मात्र ती किमान दहा परिवहन वाहने असणाऱ्या मालकांसाठी आहे आणि तीही त्याच बनावटीच्या व त्याच प्रकारच्या इंजिनापुरतीच. घरच्या गाडीच्या मालकाने तिचा दाखला देण्यात काहीच हशील नाही.

कोणाजवळही नसणारा कागद

नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, ओळख व पत्त्याचा पुरावा, गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे लेखी संमतिपत्र आणि थकीत ई-चलन भरल्याची पावती हे कागद बहुतेकांजवळ असतात. अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून वाहनातील बदलाच्या सेवेखाली भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचे आणि वेळ घेऊन गाडी तपासणीसाठी न्यायची, एवढाच नेहमीचा क्रम आहे.

खरी अडचण इंजिनाच्या मालकीच्या पुराव्याची. नवे इंजिन अधिकृत विक्रेत्याकडून घेतले, तर जीएसटीसह बिलावर इंजिन क्रमांक येतो आणि प्रश्न मिटतो. परंतु नव्या इंजिनाची किंमत ऐकून बहुतेक जण जुन्या बाजाराकडे वळतात. तेथे मिळणारे बिल म्हणजे अनेकदा ‘एक इंजिन, चालू स्थितीत’ एवढेच लिहिलेला चिठोरा असतो. त्यावर इंजिन क्रमांक नसतो, आणि ते कोणत्या गाडीतून काढले याचा तर उल्लेखही नसतो. अपघातात पूर्ण निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द करण्यासाठी मालकाने कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, तरी अनेक जण कळवत नाहीत. मग त्या गाडीचा इंजिन क्रमांक ‘वाहन’ या सरकारी संगणकीय नोंदणी प्रणालीत जिवंतच राहतो आणि तोच क्रमांक तुमच्या गाडीवर नोंदवायला गेल्यावर तो दुसऱ्याच्या नावावर दिसतो. याचा खुलासा तुमच्याकडे मागितला जातो, विकणाऱ्याकडे नाही. ही व्यवस्था न्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही, पण आज ती तशीच आहे.

म्हणून जुने इंजिन घ्यायचेच असेल, तर पैसे देण्यापूर्वी मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, तिची नोंदणी रद्द झाल्याचा किंवा नोंदणीकृत भंगार केंद्राने दिलेला दाखला पाहावा, आणि इंजिन चोरीच्या गाडीचे नाही याची पोलिसांच्या नोंदींतून खातरजमा करून घ्यावी. विक्रेता यांतील काहीच देत नसेल, तर स्वस्त किमतीचा मोह टाळलेला बरा. ब्लॉकवरील क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला आढळल्यास विषय परिवहन कार्यालयापुरता राहत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

अनेक ठिकाणी उत्पादकाचे पत्रही मागितले जाते, ज्यात हे इंजिन या चेसिससाठी योग्य असल्याचे लिहिलेले असावे लागते. मूळ प्रकारचेच इंजिन अधिकृत कार्यशाळेत बसवले असल्यास कार्यशाळेच्या पत्रावर काम भागते. मोठ्या इंजिनासाठी मात्र कोणतीही कंपनी असे पत्र देत नाही, आणि ते का देत नाही हे समजून घेण्यासारखे आहे.

आधुनिक गाडीत इंजिन सुटे नसते

कार्ब्युरेटरच्या काळात इंजिन, गिअरबॉक्स आणि माउंट जुळले की गाडी चालत असे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या उत्सर्जन मानकांच्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रक संगणकीय एकक चोरीरोधक यंत्रणा, एबीएस (ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी यंत्रणा), स्थैर्य नियंत्रण, गिअरबॉक्स आणि डॅशबोर्ड यांच्याशी सतत संदेशांची देवाणघेवाण करत असते. इंजिन बदलले पण हे एकक जुनेच राहिले, तर इंधनाचे प्रमाण चुकते. एकक बदलले, तर गाडी किल्ली ओळखत नाही, आणि दोन्ही जमवले तरी स्थैर्य नियंत्रणाला अपेक्षित टॉर्कचे (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे) आकडे मिळत नाहीत. वजन पुढच्या धुरीवर वाढते, ब्रेक आणि रेडिएटर मात्र मूळ शक्तीच्या हिशेबाने बनवलेले असतात. कुशल मेकॅनिक यांतील बरेच काही जमवून आणू शकतो, यात शंका नाही. पण जमवले म्हणजे प्रमाणित झाले असे होत नाही. त्यासाठी पुण्यातील एआरएआय, भोसरीची सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 खालील वाहनचाचणी संस्थांची चाचणी लागते आणि ती प्रक्रिया उत्पादकांसाठी रचलेली आहे, एका गाडीच्या मालकासाठी नव्हे.

पीयूसी मिळाली म्हणजे उत्सर्जनाचा प्रश्न सुटला, हा समजही सोडून द्यावा. पीयूसी केंद्रावर गाडी जागेवर उभी करून धूर मोजला जातो, तर मान्यतेच्या वेळी गाडी वेगाच्या ठरावीक चक्रावर चालवून एकूण उत्सर्जन तपासले जाते. बीएस-6 गाडीत बीएस-4 काळातील इंजिन बसवून मिळवलेली पीयूसी तपासणीत तुमची बाजू मांडायला उपयोगी पडत नाही.

इंधन बदलायचे असल्यास

येथे कायदा काहीसा उदार आहे. ऑगस्ट 2022 मधील अधिसूचनेने बीएस-6 पेट्रोल गाड्यांत सीएनजी वा एलपीजी किट बसवण्यास आणि 3.5 टनांपेक्षा कमी वजनाच्या डिझेल वाहनांत डिझेल इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्यास वाट मोकळी केली. विद्युत रूपांतरासाठी एआयएस-123 हे मानक आहे. यांत मान्यता किट पुरवणाऱ्याला मिळते आणि ती तुमच्या मॉडेलसाठी असावी लागते. सीएनजी व एलपीजी किटची मान्यता तीन वर्षांसाठी असते, तेव्हा बसवण्याच्या दिवशी ती चालू आहे का, हे प्रमाणपत्रावरील तारखेवरून स्वतः तपासावे. कालबाह्य मान्यतेच्या किटमुळे अडलेले अर्ज विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सुटत नाहीत.

परवानगीशिवाय बदल करून गाडी चालवल्यास कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. गाडी बदलून देणाऱ्या विक्रेत्यासाठी हाच दंड प्रतिवाहन एक लाखापर्यंत जातो, जे बहुतेक ग्राहकांना कोणी सांगत नाही. रस्त्यावर कोणी अडवले नाही, तरी गाडी विकताना, दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी नमुना 28 मधील ना-हरकत घेताना किंवा पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना इंजिन क्रमांक तपासला जातोच.

मूळ प्रकारच्या इंजिनाची नोंद रीतसर झाल्यावर नव्या प्रमाणपत्रावरील क्रमांक ब्लॉकवरील क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावा, कारण ओ आणि शून्य यांची अदलाबदल नेहमीच होते. त्यानंतर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर तशी दुरुस्ती करून घ्यावी. जुना इंजिन क्रमांक असलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी सर्वेक्षकाच्या हाती आयते कारण देते.