मराठवाड्याचे घटनात्मक स्थान

मराठवाडा हा महाराष्ट्राचा प्रशासकीय विभाग असला, तरी त्याचे नाव भारताच्या संविधानात, अनुच्छेद ३७१(२) मध्ये, थेट आले आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव हे त्यातील आजचे आठ जिल्हे. १९५६ साली ते पाचच होते. जालना, लातूर आणि हिंगोली नंतर वेगळे झाले. एका राज्याच्या पोटातील प्रदेशाला देशाच्या संविधानात जागा का द्यावी लागली, याचे उत्तर भारतीय संघराज्याच्या घडणीत आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे स्वतःचे संविधान असते. मॅसॅच्युसेट्सचे १७८० सालचे संविधान आजही अमलात आहे आणि ते त्या देशाच्या संविधानाहून जुने आहे. ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतील घटक राज्यांनाही आपापली संविधाने आहेत. अशा ठिकाणी राज्य आपल्या नागरिकांना किंवा एखाद्या भागाला द्यायची हमी स्वतःच्या मूलभूत कायद्यात लिहू शकते. भारतात ही सोय नाही. संविधानाचा सहावा भाग, म्हणजे अनुच्छेद १५२ ते २३७, हेच सर्व राज्यांचे संविधान. जम्मू-काश्मीरचा अपवाद १९५७ पासून होता, तो २०१९ साली संपला. त्यामुळे महाराष्ट्राला आपल्या मागास भागाशी केलेला करार पक्का करायचा, तर त्यासाठी दिल्लीकडेच जावे लागते.

मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानालाही वेगळे संविधान मिळण्याची शक्यता एकेकाळी होती. संस्थानांनी आपापल्या घटना समित्या नेमून संविधाने करावीत, असा विचार सुरुवातीला होता. त्यासाठी नमुना मसुदाही तयार झाला. मे १९४९ मध्ये संस्थानी संघांच्या व राज्यांच्या पंतप्रधानांच्या बैठकीत तो विचार मागे पडला आणि राज्यांची घटना भारताच्या संविधानातच समाविष्ट करायचे ठरले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेत लष्करी प्रशासन होते. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान हेच हैदराबादचे संविधान म्हणून स्वीकारले. राज्यातील जनतेच्या संमतीचा उल्लेख त्या फर्मानात होता, पण त्यासाठीची वेगळी घटना समिती कधी भरलीच नाही. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे ‘ब’ वर्गातील, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांपैकी, राज्य आणि निजाम त्याचा राजप्रमुख (राज्यपालाच्या जागी) झाला. त्या काळच्या मूळ अनुच्छेद ३७१ नुसार ‘ब’ राज्यांची सरकारे दहा वर्षे केंद्राच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहणार होती. म्हणजे मराठवाड्यातील माणसाने १९५२ साली पहिल्यांदा प्रौढ मताधिकाराने आमदार निवडला, तेव्हाही त्याच्या राज्याचा दर्जा मुंबई किंवा मध्य प्रदेशाहून खालचाच होता.

स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या भाषावार त्रिभाजनाचा आग्रह धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या द्विभाषिकावरूनच सर्वोच्च न्यायालयाचा एक मूलभूत निकाल आला. राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन वेगळे घटक होते. विधिमंडळाचे मत घेतले गेले ते या त्रिघटक योजनेवर. संसदेने मात्र एकच मोठे राज्य केले. बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात न्यायालयाने १९५९ साली सांगितले, की राज्यांच्या निर्मितीबाबतच्या अनुच्छेद ३ खाली राज्याचे मत मागवणे पुरेसे आहे. ते संसदेवर बंधनकारक नाही आणि योजना बदलली म्हणून पुन्हा विचारण्याचीही गरज नाही. तेलंगणाची निर्मिती होईपर्यंतच्या प्रत्येक वादात या निकालाचा आधार घेतला गेला.

राज्य बदलले तरी कायदे लगेच बदलले नाहीत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ मुळे ज्या प्रदेशात जो कायदा होता, तो बदलेपर्यंत तसाच राहिला. म्हणून मराठवाड्यातील कुळाचा दावा आजही १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याखाली चालतो आणि संरक्षित कुळाच्या मालकीसाठी त्यातील ‘३८-ई’ हे कलम दाखवले जाते. इनाम, मदतमाश, अतियात हे निजामकालीन जमीन-अनुदानांचे शब्द बीड किंवा परभणीच्या तहसील कचेरीत रोजचे आहेत आणि जुन्या हक्काच्या वादात खासरा पाहणी पत्रक ही जमिनीची जुनी नोंद आधी मागितली जाते. पुण्याहून बदलून आलेल्या महसूल अधिकाऱ्याला ही भाषा नव्याने शिकावी लागते.

राज्य पुनर्रचना कायद्याच्याच कलम ५१ वर मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ उभे आहे. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी २७ ऑगस्ट १९८१ पासून तेथे न्यायमूर्ती बसतील असा आदेश काढला. त्याला आव्हान मिळाले; १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला. राज्याच्या पुनर्रचनेला पाव शतक उलटले तरी मुख्य न्यायमूर्तींचा हा अधिकार संपत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कायम खंडपीठ १९८४ साली झाले. मराठवाड्याच्या पदरात पडलेल्या घटनात्मक गोष्टींपैकी सर्वांत टिकाऊ हीच ठरली.

अनुच्छेद ३७१(२) ची कहाणी वेगळी आहे. मराठी भाषक प्रदेशांतील नेत्यांनी एका राज्यासाठी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे ठरले आणि मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे खास लक्ष देण्याचे वचन दिले गेले. कराराला कायद्याचे बळ नव्हते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्यातील काही आशय नव्या ३७१(२) मध्ये आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, त्यांचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे, विकासनिधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकरीत पुरेशी संधी यांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात. पण तसा आदेश काढणे राष्ट्रपतींवर बंधनकारक नाही, आणि इथेच सारे अडले. अडतीस वर्षे तो निघालाच नाही.

वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष (मागे राहिलेल्या भागांच्या विकासातील तूट) सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला; त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा होता. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न लावून धरला. अखेर ९ मार्च १९९४ रोजी राष्ट्रपतींचा आदेश आणि ३० एप्रिलला राज्यपालांचा आदेश निघून मंडळे अस्तित्वात आली. पुढे राज्यपाल निधिवाटपाचे निर्देश देऊ लागले. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या पदाकडे अर्थसंकल्पाचा एक भाग सोपवणारी ही तरतूद चमत्कारिक खरी. तरीही सिंचनाचा पैसा कुठे जातो, हा प्रश्न आकडेवारीसह विधानसभेत आला तो तिच्यामुळे, याचे मोल कमी नाही.

तुलना करावी ती निजामाच्या राज्यातून निघालेल्या इतर दोन भागांशी. तेलंगणाला सामावणाऱ्या आंध्र प्रदेशासाठी बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-घ आणला. त्यात स्थानिक उमेदवारांना नोकरी आणि शिक्षणात राखीव वाटा देता येतो. बिदर, कलबुर्गी, रायचूरच्या पट्ट्यासाठी अठ्ठ्याण्णवाव्या दुरुस्तीने ३७१-ञ आला. तिथेही जन्म किंवा अधिवासाच्या आधारे प्रवेश आणि पदे राखता येतात. उदगीरहून तासा-दोन तासांत बिदर गाठता येते. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे आजोबा एकाच निजामाची प्रजा होते. पण सीमेपलीकडच्याला प्रादेशिक राखीव जागेचा घटनात्मक आधार आहे, उदगीरच्याला नाही. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे विभागवार सूत्र (७० टक्के जागा त्या विभागातील विद्यार्थ्यांना, ३० टक्के इतरांना) राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले. ते बदलायला घटनादुरुस्ती लागली नाही, कारण ते घटनेत नव्हतेच. महाविद्यालये कमी असलेल्या मराठवाड्याला हे सूत्र जाचक होते, म्हणून ते जाणे इष्टच होते. मात्र जे सूत्र मुंबईतून एका निर्णयाने जाते, ते तसेच परतही येऊ शकते.

३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदत संपली आणि त्या वेळी ती वाढवली गेली नाही. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुनर्गठनाचा निर्णय घेतला, पण मंडळ पुन्हा बसवण्याचा आदेश राष्ट्रपतींच्या हाती असतो. ३७१(२) चा मजकूर संविधानात जसाच्या तसा आहे. मंडळ नसले की त्याचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे येत नाही, आणि अनुशेषाचा हिशोब आमदारांना अर्थसंकल्पाच्या पुस्तिकांतून स्वतःच जुळवावा लागतो.