रंगीत रत्नांचे पैलूकाम

माणिक, नीलम, पाचू, तुरमली अशा रंगीत खनिजांना घासून, पैलू पाडून व झिलई देऊन त्यांचा रंग खुलवण्याची कला. हिऱ्यात लखलखाट साधायचा असतो, इथे रंग. त्यामुळे एकच ठरलेले माप सगळ्या खड्यांना लागू पडत नाही.

खरी कसोटी खड्याच्या खालच्या निमुळत्या भागाची. वरून शिरलेला प्रकाश तिथल्या पैलूंवर आपटून डोळ्याकडे परतला पाहिजे. त्यासाठी पैलूंचा उतार त्या खनिजाच्या क्रांतिक कोनापेक्षा, म्हणजे ज्याच्या पुढे प्रकाश बाहेर न निसटता आतच परततो त्या कोनापेक्षा, जास्त ठेवावा लागतो. हा कोन क्वार्ट्‌झचा सुमारे ४०.५ अंश, तर माणिक-नीलमचा सुमारे ३४.५ अंश असतो. उतार कमी पडला की प्रकाश आरपार निसटतो आणि मधोमध फिकी ‘खिडकी’ पडते. खडा छापील कागदावर ठेवून वरून पाहावे; खालची अक्षरे सहज वाचता आली, तर खिडकी आहेच.

घासायला बसण्याआधी कच्चा खडा फिरवून फिरवून पाहण्यातच निम्मे कौशल्य. तुरमलीचा रंग दिशेनुसार बदलतो. तिच्या कांडीच्या टोकाकडून पाहिले, तर तो बहुधा काळपट दिसतो. नीलमात रंग अनेकदा एखाद्या पट्ट्यापुरताच असतो. तो पट्टा नेमका तळाच्या टोकाशी आणला, तर वरून सबंध खडा निळा दिसतो. तोच आडवा धरला की बाजू पाण्यासारखी पांढरी! ही फसवणूक नव्हे, कारागिरी आहे. मात्र घेणाऱ्याने खडा आडवा धरून पाहिलेला बरा.

पाचू ठिसूळ, म्हणून त्याला कोपरे छाटलेला, पायऱ्यापायऱ्यांचा घाट देतात. लसण्या आणि ताऱ्याचा नीलम यांना पैलू पाडतच नाहीत, घुमट देतात; आतल्या सूक्ष्म तंतूंवरून परतणाऱ्या प्रकाशाची रेघ किंवा तारा घुमटावरच उमटतो.

घासताना कच्च्या मालाचे निम्म्याहून अधिक वजन सहज जाते. भाव कॅरटवर, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या मापावर ठरतो. साहजिकच वजन राखण्याचा मोह होतो आणि पोट सुटलेले, बेढब खडे बाजारात येतात. तळातले ते जादा वजन कोंदणात दडून जाते, रंगात काहीच भर घालत नाही.

पारख करताना उजेड बदलून पाहावा. अलेक्झांड्राइट नावाचा खडा दिवसा हिरवट दिसतो, तर तारेच्या पिवळ्या बल्बखाली लालसर.